मटन स्ट्रीटवरील जुन्या मोजणीयंत्रांचे दुकान: एक थिओडोलाइट, एक साखळी आणि काही तक्रारी

मुंबईत ज्या भागाला सगळे चोर बाजार म्हणतात, तिथल्या मटन स्ट्रीटवर ग्रामोफोन आणि झुंबरांच्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन कपाटांत फक्त जमीनमोजणीची जुनी उपकरणे असतात. मी तंत्रनिकेतनात २७ वर्षे सर्वेक्षण हा विषय शिकवला आणि निवृत्तीनंतर ही उपकरणे जमवू लागलो. गेल्या आठ महिन्यांत या दुकानात चार वेळा गेलो आणि तिथून दोन वस्तू घेतल्या. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही.

पहिली वस्तू म्हणजे पाच इंची ट्रान्झिट थिओडोलाइट, म्हणजे आडवे-उभे कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र. पाच इंच हे त्याच्या आडव्या अंशवर्तुळाच्या व्यासाचे माप असून अशी यंत्रे याच मापाने ओळखली जातात. पट्टीवर ‘ट्राउटन अँड सिम्स, लंडन’ असे कोरलेले आहे आणि किंमत ठरवताना या नावाचा मोठा उपयोग होतो. एडवर्ड ट्राउटन आणि विल्यम सिम्स यांची भागीदारी १८२६ मध्ये सुरू झाली. १९२२ मध्ये ही कंपनी यॉर्कच्या कुक कंपनीत विलीन झाली आणि त्यानंतरच्या यंत्रांवर ‘कुक, ट्राउटन अँड सिम्स’ असे नाव येऊ लागले. म्हणजे यंत्रावर वर्ष नसले तरी केवळ नावावरून माझे यंत्र १९२२ पूर्वीचे ठरते. दुर्बिणीचा फोकस जुळवताना पुढची भिंग असलेली नळी आत-बाहेर सरकते, ही जुनी रचनाही त्याच काळाकडे बोट दाखवते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट १८३० मध्ये भारतात परतले तेव्हा त्यांनी याच कंपनीचा ३६ इंची थिओडोलाइट सोबत आणला होता. त्या भव्य सर्वेक्षणाची सुरुवात करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटात वारले. माझे यंत्र त्या मोहिमेतले नाही आणि विक्रेत्यानेही तसा दावा केला नाही, हे मला आवडले. कारण अशा वस्तूंना खोटा इतिहास चिकटवून भाव वाढवणारे विक्रेते पुष्कळ भेटतात.

दुकानमालकांनी यंत्र टेबलावर मांडून तासभर तपासू दिले, आणि माझ्या मते या दुकानाचा सर्वात मोठा गुण हाच आहे. या यंत्राचे मुख्य अंशवर्तुळ २० मिनिटांच्या भागांत (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा) विभागलेले असून व्हर्नियरवर, म्हणजे दोन रेषांमधले माप वाचण्याच्या छोट्या पट्टीवर, ६० भाग आहेत, त्यामुळे २० सेकंदांपर्यंतचे वाचन मिळते. समोरासमोर असे दोन व्हर्नियर असतात. एक शून्यावर ठेवला की दुसऱ्यावर १८० अंश यायला हवेत. मग दर ३० अंशांना दोन्हींची वाचने घेत पूर्ण फेरा करावा. दोन्हींतील फरक सगळीकडे सारखाच राहिला, तर तो व्हर्नियरच्या जागेचा किरकोळ दोष असतो. पण फेऱ्यात तो वाढत-घटत गेला, तर वर्तुळाचा मध्य आणि फिरण्याचा अक्ष जुळत नाहीत आणि यंत्र बहुधा कधीतरी पडलेले असते. माझ्या यंत्रात हा फरक सर्वत्र ४० सेकंदांचाच आला. शंभर वर्षे ओलांडलेल्या यंत्राबद्दल इतके आढळले की मन निर्धास्त होते. पाणसळीचा बुडबुडा मात्र यंत्र अर्ध्या वळणाने फिरवताच दोन घरे सरकला. ते स्क्रूने दुरुस्त होण्यासारखे होते आणि घरी आल्यावर झालेही.

दुर्बिणीतील क्रॉस हेअर, म्हणजे नेम धरण्याच्या आडव्या-उभ्या रेषा, कोळ्याच्या तंतूंचे आहेत आणि त्यांतील उभा तंतू तुटलेला आहे. बरेच खरेदीदार ते काढून त्या जागी रेषा कोरलेली काच बसवून घेतात. मी तसे करणार नाही. मूळ तंतू हाच त्या काळच्या कारागिरीचा पुरावा आहे, आणि तो तुटका असला तरी संग्राहकाच्या दृष्टीने नव्या काचेपेक्षा मोलाचा आहे. हीच गोष्ट पितळेची. मूळ यंत्रांवर लाखेचा पातळ थर किंवा काळसर झाक दिलेली असे, सूर्यप्रकाश डोळ्यांत परावर्तित होऊ नये हा त्यामागचा एक हेतू. चिंच लावून किंवा मशीनवर घासून चकाकवलेले यंत्र दिसायला सुंदर वाटते, पण त्या चकाकीत अंशवर्तुळाच्या चांदीच्या कडीवरील बारीक रेषाही झिजतात आणि त्या पुन्हा मिळत नाहीत. या दुकानात यंत्रे घासली जात नाहीत, धूळसुद्धा फक्त मऊ ब्रशने काढतात.

माझी तक्रार तिपाईविषयी आहे. फोनवर मला सांगण्यात आले होते की लाकडी पेटी, ओळंबा, सूर्यछत्र आणि तिपाई हे सगळे मूळचे आहे. पेटी खरोखर मूळची आहे. प्रत्येक भागासाठी तिच्यात खोबणी आहे आणि यंत्र त्या खोबण्यांत अचूक बसते. तिपाईचे आटे मात्र यंत्राच्या पायथ्याला बसेनात. ती दुसऱ्याच कोणत्या तरी यंत्राची होती. मूळ पेटीमुळे किंमत जितकी वाढते, तितकीच परक्या तिपाईमुळे ती कमी व्हायला हवी, असे मी स्पष्ट सांगितले आणि सांगितलेल्या ५५ हजारांऐवजी ४३ हजारांत, तिपाई वगळून, व्यवहार झाला. फोनवरच्या वर्णनावर विसंबून पैसे आगाऊ पाठवले असते तर माझे नुकसान झाले असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्याच कपाटात शोभेची नवी यंत्रे जुन्यांच्या शेजारी ठेवलेली आहेत. रुडकीला १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्या गावात मोजणीयंत्रांचा उद्योग वाढला आणि आज तिथे जुन्या धाटणीच्या पितळी वस्तूही मोठ्या प्रमाणावर बनतात. त्यात गैर काहीच नाही. पण त्यांवर ‘लंडन’ आणि एखादे जुने वर्ष कोरून त्या जुन्या म्हणून विकल्या जातात, तेव्हा ती फसवणूक होते. खऱ्या यंत्रावर वर्ष सहसा नसते, अनुक्रमांक असतो. नकली यंत्राच्या रेषा उथळ व जाड असतात, क्लॅम्प आवळला तरी वर्तुळ फिरते आणि व्हर्नियर वाचायला गेले तर कोणतेच माप लागत नाही. विचारल्यावर मालकांनी कोणते नवे ते लगेच दाखवले. न विचारणाऱ्याला ते कळणार कसे? दोन्हींसाठी वेगळी कपाटे ठेवावीत, ही माझी त्यांना विनंती आहे.

आता साखळीविषयी. एका पिशवीत ती ‘अर्धी तुटलेली गंटर साखळी’ म्हणून पडली होती. गंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची असते आणि दर १० कड्यांना पितळी खूण असते. ही ३३ फूट भरली, म्हणून अर्धी असा समज झाला असावा. पण तिच्या दोन्ही टोकांना मुठी होत्या, आणि खुणा मोजल्या तर १६ भाग होत होते. ही मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीची साखळी, १६ आण्यांची. तिच्या एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात आपला गुंठा. आणि असे ४० गुंठे झाले की एकर होतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी गावागावांत जमिनीचा भाव आजही गुंठ्यावरच ठरतो, आणि तो गुंठा ज्या लोखंडी कड्यांनी मोजला गेला त्या माझ्या हातात होत्या. परदेशी थिओडोलाइटच्या मागे लागणारे संग्राहक अशा साखळीकडे पाहतही नाहीत, म्हणून तिला बाजारभावच नाही. माझ्या मते आपल्याकडच्या संग्रहात तिची जागा पहिली असावी. न सांगता घेणे मला पटले नसते, म्हणून ती काय आहे ते मी मालकांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “मास्तर, मी तुटकी म्हणून घेतली होती, तुम्ही तुटकीच्याच भावात न्या.” ९०० रुपयांत ती मिळाली.

पावतीवर आधी ‘पितळी दुर्बीण यंत्र, एक नग’ एवढेच होते. आग्रह केल्यावर निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक लिहून मिळाला. ते लिहून घ्यावेच. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशी राहणाऱ्या आप्तांसाठी येथून काही घेण्याचा विचार असेल तर ती वस्तू किती जुनी आहे हे आधी कागदावर नक्की करावे लागते.

दुकान शुक्रवारी बंद असते. खालच्या खणात एक डंपी लेव्हल (जमिनीच्या उंचीतील फरक मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र) अजून पडून आहे, पेटीसह, १८ हजार सांगतात. तिच्या पुढच्या भिंगाचे दोन थर सुटून कडेला इंद्रधनुषी डाग आले आहेत आणि उभा अक्ष हाताला हलतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक देऊ नये.