मोबाइलवरचे इंडोनेशियन बायबल : तीन महिन्यांच्या वापरानंतर

जकार्त्याला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलीकडे वर्षअखेरीस जायचे ठरल्यावर मी इंडोनेशियन भाषेचा श्रीगणेशा केला आणि वाचनाच्या सरावासाठी 'अल्किताब', म्हणजे इंडोनेशियन बायबल, मोबाइलवर उतरवून घेतले. मी ख्रिस्ती नाही. परंतु नवी भाषा वाचताना आशय आधीच ठाऊक असलेला मजकूर हाताशी असावा लागतो, आणि वचनांच्या क्रमांकांनुसार मराठी भाषांतराशी ओळीओळीने ताडून पाहता येईल असा दुसरा ग्रंथ मला सुचला नाही. सदाशिव पेठेतील छापखान्यात माझी ३० वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली असल्यामुळे मजकुराबरोबर त्याच्या मांडणीकडेही माझे लक्ष जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

हे ई-पुस्तक विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्क लागत नाही. शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारी मेट्रो भुयारातून धावताना शेजारच्यांचे व्हिडिओ अडकतात, तेव्हा माझे पान मात्र निमूटपणे उलटत असते. त्यातील मजकूर 'तेर्जेमाहान बारू', म्हणजे 'नवे भाषांतर', या १९७४ सालच्या आवृत्तीचा आहे आणि ही निवड शिकणाऱ्याच्या फार सोयीची आहे. या भाषांतराची परंपरा जुनी आहे. रायल नावाच्या डच व्यापाऱ्याने केलेले मत्तयकृत शुभवर्तमानाचे मलय, म्हणजे आजची इंडोनेशियन जिच्यातून घडली त्या भाषेतले, भाषांतर १६२९ साली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, छापले गेले होते. परंतु जुन्या आवृत्त्यांचे लेखन डच वळणाचे असून त्यात 'च' हा उच्चार टी आणि जे ही दोन रोमन अक्षरे जोडून लिहिलेला असतो. १९७२च्या लेखनसुधारणेने 'च'साठी केवळ सी हे अक्षर ठरवले, आणि पुढची आवृत्ती त्यानुसार असल्यामुळे आजच्या लेखनात शब्द शोधला तर तो बहुधा सापडतो.

बहुधा म्हणण्याचे कारण 'सोर्गा'. हा आपला 'स्वर्ग'च. या आवृत्तीत तो 'सोर्गा' असा छापला आहे, तर प्रमाण इंडोनेशियनमध्ये तो 'सुर्गा' असा लिहितात. ई-पुस्तकाला जोडलेला शब्दकोश केवळ प्रमाणरूप ओळखत असल्यामुळे ज्या शब्दावर बोट दाबून धरावे तोच 'आढळला नाही' असे उत्तर येते. अर्थात 'सोर्गा'चा अर्थ कळण्यासाठी पुणेकराला शब्दकोश लागत नाही, हा भाग वेगळा.

खरी अडचण शब्दांच्या मुळांची आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळाव्या वचनात 'मेंगारुनियाकान' असा लांबलचक शब्द येतो. त्यावर बोट ठेवले तर शब्दकोश मुका. उपसर्ग आणि प्रत्यय सोडवून, उपसर्ग लागताना गळालेला 'क' परत बसवला की हाती 'कारुनिया' येतो, आणि तो म्हणजे संस्कृत 'कारुण्य'! त्या भाषेत याचा अर्थ देणगी, कृपादान असा होतो. याच रीतीने उपसर्ग लागल्यावर 'प'चा 'म' होतो, 'त'चा 'न' होतो. लहानपणी ज्यांनी संधी सोडवले आहेत त्यांना हा खेळ आवडेल. पण शब्दकोश जोडणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसावा, किंवा असूनही त्यांनी कष्ट घेतले नसावेत, याचे मला नवल वाटते, कारण ही सोय नसेल तर इंडोनेशियन मजकुराला शब्दकोश जोडण्यात काही अर्थ उरत नाही.

मांडणीतही एक दोष सतत खटकतो. या भाषेत अनेकवचन दाखवण्यासाठी शब्दाची द्विरुक्ती करून मध्ये संयोगचिन्ह देतात: 'ओरांग' म्हणजे माणूस, 'ओरांग-ओरांग' म्हणजे माणसे. देवाविषयीचे 'त्याचा' या अर्थाचे 'न्या'ही नामाला संयोगचिन्हानेच जोडलेले असते. अक्षर मोठे केले की ओळ नेमकी त्या चिन्हावर तुटते आणि एकटे 'न्या' पुढच्या ओळीच्या आरंभी पोरके होऊन बसते. माझ्या छापखान्यात अशा पानावर लाल शाईची खूण पडली असती. अक्षराचा आकार मधला ठेवला तर हे प्रमाण घटते, पण मग साठीतल्या डोळ्यांना चष्मा पुरत नाही. अध्याय निवडण्याचे चौकोनही असेच बारीक आहेत. स्तोत्रसंहितेतील १५० चौकोनांतून तेविसावे स्तोत्र उघडू जाता बावीस किंवा चोवीस उघडते.

तरीही मी हे ई-पुस्तक काढून टाकलेले नाही. तेविसाव्या स्तोत्रात परमेश्वराला 'गेम्बाला' म्हटले आहे. हा मूळचा 'गोपाळ', तो तिकडे मेंढपाळ झाला. 'मुर्का' म्हणजे मूर्ख नव्हे, तर क्रोध. नवऱ्याला 'सुआमी' आणि बायकोला 'इस्त्री' म्हणतात, आणि 'प्रत्यया'चा 'पर्चाया' होऊन त्याचा अर्थ विश्वास ठेवणे असा झाला आहे. सर्वांत अधिक आनंद मला प्रभूच्या प्रार्थनेने दिला. तिचा आरंभ 'बापा कामी' असा होतो. इंडोनेशियनमध्ये ऐकणाऱ्याला वगळणारे 'कामी' आणि त्याला सामावून घेणारे 'किता' अशी दोन सर्वनामे आहेत, जशी आपली 'आम्ही' आणि 'आपण'. बोलणे प्रत्यक्ष देवाशी चालले असल्यामुळे तेथे 'कामी'च हवे, आणि मराठी भाषांतरातही 'आमच्या'च आहे. इंग्रजीतून ही प्रार्थना वाचणाऱ्याला यातले काही जाणवणारही नाही. दोन्ही मजकूर एकाच पडद्यावर शेजारी ठेवण्याची सोय या ई-पुस्तकात नाही, म्हणून मराठी प्रत मी मांडीवर उघडी ठेवतो.

ज्यांना भाषा मुळापासून शिकायची आहे त्यांनी हे अवश्य उतरवून घ्यावे, शक्यतो मोठ्या पडद्याच्या उपकरणावर. झटपट अर्थ हवा असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. शब्दकोशाचे काम मी आता दोनशे पानी वहीकडे सोपवले आहे. डावीकडे छापलेले रूप, उजवीकडे मूळ शब्द, अशी तिची आखणी आहे. कालची शेवटची नोंद 'सेरिगाला' : डावीकडे लांडगा, उजवीकडे शृगाल, म्हणजे कोल्हा.