डावखुऱ्याने .२२ सेमी-ऑटो निवडताना

मी डावखुरा. हे आधीच सांगतो, कारण माझी सगळी निवड त्याभोवतीच फिरली. बहुतेक सेमी-ऑटो (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या) रिमफायर (गोळीच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या) रायफली रिकामी पुंगळी, म्हणजे गोळीचं मागे उरलेलं आवरण, उजवीकडे फेकतात. उजव्या हाताच्या नेमबाजाला त्याचं काही नाही, माझ्या मात्र ती थेट नाकासमोरून जाते. .२२ एलआर (या रायफलींत चालणारी लहान काडतुसं) च्या गोळीला बाहेरून मेणचट वंगण असतं, त्याची काजळी आणि बारीक कण पुंगळीच्या मागोमाग येतात. चष्म्याशिवाय यांच्यामागे बसू नये, डावखुऱ्याने तर नाहीच.

चार रायफली हाताळल्या. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ लवकरच बाजूला ठेवली. पॉलिमरची असल्याने हलकी आहे, २५ गोळ्यांचं मॅगझिन भरायला सोपं आहे, पण मला लाकडी दस्ताच हवा. आवडीपुढे इलाज नाही.

ब्राउनिंग एसए-२२ ने मात्र मला पार पाघळवलं. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन १९१४ पासून बाजारात आहे, आणि ते पुंगळी खाली टाकतं! चेहऱ्यासमोर काहीच नाही. हातातून खाली ठेववत नाही अशी ही रायफल; दोन तुकडेही होतात. फक्त बाहीचं बटण लावा, पुंगळी गरम असते. पण मॅगझिन म्हणजे दस्त्यातली नळी, आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) लावायचा तर बॅरलवर. माझे डोळे आता उघड्या माशीवर, म्हणजे बॅरलवरच्या साध्या नेमखुणेवर, टिकत नाहीत.

मार्लिन मॉडेल ६० मध्येही नळीच, पण ती बॅरलखाली. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट (गोळीमागचा पुढे-मागे सरकणारा भाग) मागे थांबतो, हे मला फार आवडलं. नळी भरणं म्हणजे आतली पितळी दांडी वर ओढायची, एकेक गोळी सोडायची, दांडी परत दाबायची. निवांत दुपारी यात मजा आहे. रेंजवर 'मोकळी करा' अशी हाक आल्यावर मात्र नाही. नळीत एखादी गोळी राहिली का, हे बघण्यात माझा वेळ जायचा आणि शेजारचे माझ्याकडे बघत बसायचे.

म्हणून शेवटी रुगर १०/२२. १९६४ पासूनचं मॉडेल, १० गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन, बसवलं तरी दस्त्याखाली काही लोंबत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट ओढा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या बॅरलच्या मागच्या खोबणीत) डोकवा, संपलं. उणिवाही सांगतो. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट थांबत नाही, त्यामुळे रिकाम्या चेंबरवर टक् होतं आणि तेव्हा कळतं. ट्रिगर जड आहे. सेफ्टीचं आडवं बटण उजव्या तर्जनीसाठी बसवलेलं.

गोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. या चारही रायफली ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्ट कुठे अडकवलेला नसतो. त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच काम. आवाजाच्या वेगाखालच्या, सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या आतल्या गोळ्यांना कधी कधी तो पूर्ण मागे ढकलता येत नाही, मग पुंगळी तोंडाशी उभी अडकते. विकत घेण्याआधी तीन-चार प्रकारच्या पेट्या न्या आणि प्रत्येकीच्या ५० गोळ्या झाडा. माझ्या रायफलीने एक स्वस्त पेटी साफ नाकारली, आणि दुसऱ्या पेटीने ५० मीटरवर पाच गोळ्या बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत बसवल्या. दोन पेट्यांमधला फरक रायफलींमधल्या फरकापेक्षा मोठा होता.

हौसेने एक जादा मॅगझिन तिसऱ्याच कंपनीचं घेतलं होतं. दुसऱ्या गोळीला अडकलं, चौथ्याला अडकलं, मग दराजात गेलं. तिथेच डाव्या हाताचं सेफ्टी बटणही अजून पाकिटात बंद पडून आहे. ते बसवायच्या आतच अंगठ्याने सेफ्टी ढकलायची सवय झाली.