जुना ५.१ सेट ठेवायचा, एव्हीआर बदलायचा की सरळ साउंडबार घ्यायचा?

नवीन फोरके टीव्ही आला की हा प्रश्न येतोच, वर एवढं छान चित्र आणि खाली तोच दहा-बारा वर्षांपूर्वीचा ५.१ सेट, म्हणजे पाच स्पीकर, खर्जासाठी एक सबवूफर आणि त्यांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायरचा डबा (वेगळा असेल तर त्यालाच एव्हीआर म्हणतात), त्यात दिवाळीचा सेल. पण सेलचं पान उघडायच्या आधी घरात नक्की काय आहे ते बघा, सगळं त्यावरच ठरतं.

डीव्हीडी प्लेयरसकट एकाच खोक्यात आलेला होम थिएटर असेल तर त्यात आणखी पैसे घालू नका. त्याचे स्पीकर बहुतेक वेळा ३-४ ओहमचे असतात, कनेक्टर कंपनीचे स्वतःचे, सबवूफरमध्ये वेगळा ॲम्प्लिफायर नाही, त्यामुळे उद्या चांगला एव्हीआर आणलात तरी यातलं फारसं काही त्याला धड जोडता येत नाही. अशांनी खुशाल साउंडबार घ्या, फक्त वेगळा सबवूफर आणि मागचे दोन खरे स्पीकर असलेला. नुसत्या बारचा व्हर्च्युअल सराउंड बाजूच्या भिंतींवर आवाज आपटून चालतो आणि आपल्याकडच्या हॉलमध्ये एका बाजूला बाल्कनी, दुसऱ्या बाजूला पॅसेज, मग आपटणार कशावर?

पण वेगळा एव्हीआर आणि तारेने जोडलेले साधे पॅसिव्ह स्पीकर (ज्यांच्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो) असतील तर माझं स्पष्ट मत, साउंडबारकडे जाऊ नका. चांगला स्पीकर वर्षानुवर्षं चालतो, वूफरच्या कडेचा फोम दमट हवेत झडतो खरा पण तो बदलून मिळतो, आणि कड रबराची असेल तर तीही काळजी नाही.

मग जुन्या एव्हीआरचं नक्की काय जुनं झालंय? मुख्य म्हणजे त्यातून फोरके एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणारं नवीन चित्र, पुढे टीव्हीपर्यंत जात नाही. त्यावर फुकटचा उपाय आहे, सेट टॉप बॉक्स, प्लेस्टेशन सगळं थेट टीव्हीला लावा आणि फक्त आवाज एआरसीने, म्हणजे टीव्ही आणि एव्हीआरमधल्या एचडीएमआय केबलमधूनच उलटा, एव्हीआरला परत आणा. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, मागे पोर्टवर लिहिलेलं असतं. नसेल तर ऑप्टिकल केबल, तिच्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ येतोच.

नवीन एव्हीआरमध्ये ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार) मिळतो, ई-एआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) मिळतं, रूम करेक्शन, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज जुळवणं, सुधारलेलं मिळतं. ई-एआरसीसाठी फार जीव टाकू नका, ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतो, ई-एआरसी खरं लागतं ते ब्लूरे डिस्कवरच्या ट्रूएचडी या मोठ्या, न दाबलेल्या दर्जाच्या आवाजाला. वॅट बघून तर अजिबात घेऊ नका, पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आणि ॲटमॉससाठी वरचे स्पीकर लागतात हे दुकानात शेवटी सांगतात. छताला भोक पाडायचं नसेल तर वर तोंड करून ठेवायचे अपफायरिंग मिळतात, पण त्यांना सपाट छत हवं, पीओपीची नक्षी आणि मध्ये पंखा असेल तर पैसे वाया जायचीच शक्यता जास्त. सपाट स्लॅब आहे, घर स्वतःचं आहे, सिनेमे मन लावून बघता, तर जरूर घ्या, ५.१.२ (५.१ आणि वरचे दोन) सुद्धा मस्त वाटतं.

बाकीच्यांची तक्रार बहुतेक एकच असते, डायलॉग कळत नाहीत आणि मारामारी आली की रिमोट शोधायचा. ही ॲटमॉसने जात नाही. डायलॉग सेंटर स्पीकरमधून येतात आणि तो बिचारा टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असतो, तो आधी कडेपर्यंत पुढे ओढा, कानाकडे थोडा तिरका करा. खाली गुळगुळीत टाइल्स आहेत तिथे जाड गालिचा टाका, काचेला जड पडदे लावा, एव्हीआरच्या माइकने कॅलिब्रेशन परत करा, रात्री नाइट मोड (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारं सेटिंग) चालू ठेवा म्हणजे खालच्या मजल्यावरचेही झोपतील. एवढं करून भागलं नाही तर पहिला खर्च सेंटर स्पीकरवर, शक्यतो पुढच्या दोन स्पीकरच्याच सिरीजमधला, मग सबवूफर, आणि एव्हीआर त्यानंतर.

आणि एव्हीआर बदललातच तरी स्पीकर एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका, नवीनवर ते तसेच लागतात आणि दुकानदार त्यांचे देतो ते अगदी किरकोळ पैसे.