प्रोसेस मॉनिटर: मोंढ्यातला बिघाड ग्रुपवरच्या प्रोग्रामरला जसाच्या तसा दाखवणारं हत्यार

"सॉफ्टवेअर चालंना" एवढ्या दोन शब्दांवर बिघाड शोधायला बसणं हे मराठवाड्यात डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नेहमीचं काम. प्रोग्राम व्हीबी ६ चा किंवा सी शार्पच्या विनफॉर्म्सचा, मागे डेटा साठवणारी अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल, दुकान लातूरच्या नाहीतर जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आणि लिहिणारा छत्रपती संभाजीनगरात. उमजेना झालं की तो ओळखीच्या प्रोग्रामरांच्या ग्रुपवर एररचा फोटो टाकतो. उत्तरं झटक्यात येतात: अँटिव्हायरस बंद कर, डॉट नेट परत टाक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून बघ, विंडोजच नव्यानं मार. एखादं लागूही पडतं, पण का लागू पडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

मदत करणारे हुशार असतात, त्यांच्या हातात काही नसतं ही अडचण आहे. प्रोसेस मॉनिटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं प्रोसमॉन, नेमकं तेवढंच देतं. कोणत्या प्रोग्रामनं कोणती फाइल उघडली, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) कोणती की वाचली, त्याला काय उत्तर मिळालं, हे सगळं ओळीनं एका फाइलीत. ती फाइल पुण्यातला किंवा परभणीतला मित्र आपल्या मशीनवर उघडतो आणि दुकानातल्या पीसीला हात न लावता बिघाड वाचतो.

हत्यार फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स संचातलं हे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी फाइलमॉन व रेजमॉन ही दोन जुनी हत्यारं एकत्र करून प्रोसमॉन आलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून झिप उतरवायची, उलगडायची, ईएक्सई चालवायची. अ‍ॅडमिन हक्क मात्र लागतातच. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या पीसीवर ते हक्क आयटी विभागाकडे असतात, तेव्हा आधी त्यांना गाठा.

नोंद घ्यायची रीत नीट पाळली नाही तर आलेली फाइल कुचकामी ठरते. प्रोसमॉन उघडताच नोंद आपोआप सुरू होते, म्हणून आधी कंट्रोल-ई दाबून ती थांबवा आणि कंट्रोल-एक्सनं पडदा साफ करा. मग अडतीचा प्रोग्राम बिघाडाच्या अगदी अलीकडच्या पायरीपर्यंत आणा. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) सेव्ह करताना एरर येत असेल तर पट्टी पूर्ण भरा, पण सेव्हचं बटण दाबू नका. आता कंट्रोल-ई, मग सेव्ह. एररची चौकट आली की ओके दाबायचं नाही, ती तशीच ठेवून कंट्रोल-ईनं नोंद थांबवायची. ओके दाबलं आणि प्रोग्राम बंद झाला, तर बंद होतानाच्या शेकडो ओळी खाली साचतात आणि खरी ओळ त्यांत बुडून जाते. साध्या पीसीवरही मिनिटभराची नोंद लाखोंच्या घरात जाऊ शकते, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांची नोंद दहा मिनिटांच्या नोंदीपेक्षा केव्हाही भारी.

सेव्ह करताना ऑल इव्हेंट्स आणि पीएमएल (प्रोसमॉनचा स्वतःचा फाइल प्रकार) हेच पर्याय निवडा. सीएसव्ही दिसायला सोपी, पण कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ती साखळी) आणि प्रोसेसचा तपशील तिच्यात येत नाही. पाठवणारा हमखास चुकतो ते फिल्टरमध्ये. आपल्याच ईएक्सईचा फिल्टर लावून तेवढंच पाठवतो. चोर बऱ्याचदा दुसराच असतो: एमडीबी धरून बसलेला अँटिव्हायरस, फोल्डर सिंक करणारं वनड्राइव्ह, किंवा ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामचं प्रिंटिंग सांभाळणारं एसपीएलडब्ल्यूओडब्ल्यू६४. फिल्टर लावायचा तो वाचणाऱ्यानं. फिल्टर मेनूतलं ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स तर बंदच असू द्या, त्यानं गाळलेल्या ओळी कायमच्या जातात. पीएमएल झिप केली की बरीच आकसते. सोबत एररचा फोटो, एरर आली ती घड्याळातली वेळ, ईएक्सईचं नाव आणि विनव्हर ही कमांड चालवून दिसलेली विंडोजची आवृत्ती द्या. एवढं मिळालं की वाचणारा पुढचा प्रश्न न विचारता कामाला लागतो.

दुकानातल्या मुनीमजींना कंट्रोल-ई समजावत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी डेस्कटॉपवर दोन बॅच फाइली ठेवाव्यात. पहिलीत प्रोसमॉनला अ‍ॅक्सेप्टयुला, क्वाएट, मिनिमाइज्ड आणि बॅकिंगफाइल हे स्विच द्यायचे आणि बॅकिंगफाइलसमोर डी ड्राइव्हवरच्या पीएमएलचा पत्ता. दुसरीत नुसता टर्मिनेट. बॅकिंगफाइल दिली नाही तर प्रोसमॉन नोंदी व्हर्च्युअल मेमरीत साठवतं, आणि चार जीबी रॅमच्या पीसीचा दम तिथेच निघतो. मात्र टर्मिनेट चालण्याआधी लाइट गेली तर ती फाइल नीट बंद होत नाही आणि उघडताना प्रोसमॉन ती खराब असल्याचं सांगतं. आपल्याकडची लाइट पाहता यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय नोंद सुरूच करू नये.

वाचणाऱ्याच्या बाजूनं मात्र हत्यार फार गोड आहे. कंट्रोल-एलनं फिल्टर उघडा, प्रोसेस नेममध्ये आपली ईएक्सई घ्या, रिझल्टमधून सक्सेस वगळा. मग सगळ्यात खालून वर वाचत या. एररची चौकट रंगवताना झालेल्या फॉन्ट-थीमच्या नोंदी ओलांडल्या की वर खरा नकार सापडतो. नवशिक्या बफर ओव्हरफ्लो पाहून घाबरतो. त्याचा अर्थ एवढाच, की दिलेल्या जागेपेक्षा माहिती जास्त होती आणि प्रोग्राम मोठी जागा घेऊन परत विचारेल. फास्ट आयओ डिसअलाउडही तसंच, सोडून द्या. नेम नॉट फाउंडच्या तर रांगा लागतात, कारण विंडोज एकच डीएलएल (प्रोग्रामला लागणारी सोबतची कोड-फाइल) क्रमानं अनेक फोल्डरांत शोधतं. एखाद्या फाइलीचं नाव सगळीकडे नेम नॉट फाउंड येत गेलं आणि शेवटपर्यंत सक्सेस झालंच नाही, तरच ती खरोखर गायब. व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल अशी दिसली तर व्हिज्युअल सी++ चा रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, पण ईएक्सई ३२-बिट असेल तर एक्स८६ चाच.

या हत्याराची खरी किंमत कळते ती "नोंदी गायब झाल्या" या तक्रारीत. प्रोग्राम फाइल्समध्येच एमडीबी ठेवायची जुनी खोड बऱ्याच प्रोग्रामांना आहे. तिथे साध्या युजरला लिहायचा हक्क नाही. व्हीबी ६ च्या ईएक्सईला मॅनिफेस्ट (कोणते हक्क हवेत हे विंडोजला सांगणारी माहिती) नसतं, म्हणून विंडोज तिला एरर देत नाही. गुपचूप त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात एमडीबीची वेगळी प्रत करून तिच्यात लिहितं. प्रोग्राम मजेत चालतो. मग केव्हातरी प्रिंटर अडतो, ग्रुपवरून कुणीतरी रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सुचवतो आणि प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून उघडतो. अ‍ॅडमिन हक्कानं चालणाऱ्या प्रोसेसला व्हर्च्युअलस्टोअर लागू नाही, ती प्रोग्राम फाइल्समधली मूळ जुनी एमडीबी उघडते. सोयाबीनच्या अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या दिसेनाशा! दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळतं आणि ग्रुपवर डेटाबेस करप्ट झाल्याची चर्चा रंगते. दुसऱ्या विंडोज लॉगिननं उघडलं तरी तेच, कारण व्हर्च्युअलस्टोअर दर युजरचं निराळं.

प्रोसमॉनमध्ये हे काही सेकंदांत उघडं पडतं. पाथच्या रकान्यात एमडीबीचं नाव शोधा, म्हणजे साध्या युजरच्या नोंदीत व्हर्च्युअलस्टोअरचा पत्ता दिसतो आणि अ‍ॅडमिनच्या नोंदीत प्रोग्राम फाइल्सचा. हाच गोंधळ सी शार्पच्या प्रोग्रामात झाला तर लक्षण वेगळं. व्हिज्युअल स्टुडिओ २००८ पासून ईएक्सईत मॅनिफेस्ट आपोआप येतं आणि मॅनिफेस्ट आलं की ही पळवाट बंद. मग एलडीबी किंवा एलएसीसीडीबी ही लॉक फाइल तयार करण्याच्या ओळीसमोर सरळ अ‍ॅक्सेस डिनाइड येतं आणि पडद्यावर "ऑपरेशन मस्ट यूज अ‍ॅन अपडेटेबल क्वेरी". हा मेसेज वाचून लोक क्वेरी तपासत बसतात, आणि क्वेरीत काडीचाही दोष नसतो.

उपाय करताना घाई नको. दोन्ही एमडीबींच्या प्रती आधी पेन ड्राइव्हवर काढा, बदलल्याची वेळ पाहा, दोन्हीत नोंदी असतील तर पावती क्रमांकावरून जुळवा. मग डेटा सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटात आपल्या नावाच्या फोल्डरात न्या आणि त्या फोल्डरावर युजर्स गटाला मॉडिफाय हक्क द्या. हे शेवटचं विसरलं तर एका युजरनं केलेली फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते आणि तक्रार पुन्हा उभी राहते.

एक्सेलमधून शेतकऱ्यांची यादी घेताना "एसीई ओलेडीबी १२.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड" येतं (एसीई म्हणजे एक्सेलसारख्या फाइली वाचून देणारा घटक), त्याचाही निकाल इथेच लागतो. सिलेक्ट कॉलम्समधून आर्किटेक्चर हा रकाना जोडा. प्रोसेस ३२-बिट दिसली आणि डब्ल्यूओडब्ल्यू६४३२नोडखाली (रजिस्ट्रीतल्या ३२-बिट प्रोग्रामांच्या भागात) सीएलएसआयडीची, म्हणजे त्या घटकाच्या ओळख क्रमांकाची, की सापडली नाही, म्हणजे मशीनवर ३२-बिट एसीई नाही, बहुधा ऑफिस ६४-बिट आहे. प्रोग्राम एक्स६४ म्हणून बिल्ड करा किंवा ऑफिस ३२-बिट टाका. एनी सीपीयू या बिल्डच्या पर्यायावर भिस्त ठेवली की तोच प्रोग्राम एका दुकानात चालतो, दुसऱ्यात अडतो. एमडीबीसाठी जुनं जेट ४.० इंजिन वापरणाऱ्याला निवडच नाही, ते फक्त ३२-बिट आहे.

एका दुकानात चालतंय आणि शेजारच्यात नाही, असं असेल तर दोन्हीकडून पीएमएल मागवा. वेळ आणि पीआयडीचे (प्रोसेस क्रमांकाचे) रकाने काढून ऑपरेशन, पाथ, रिझल्ट एवढेच ठेवा, दोन्ही सीएसव्ही करून विनमर्ज या फाइली ताडणाऱ्या प्रोग्रामात समोरासमोर लावा. पहिली वेगळी ओळ जिथे येते तिथे शोध सुरू करायचा. एकट्यानं डोकं खाजवण्यापेक्षा दोघांनी दोन टोकांवर बसून करायचं काम हे.

आता उणिवा. कॉल स्टॅकमध्ये फंक्शनची नावं हवी असतील तर सिम्बॉल (फंक्शनच्या नावांच्या फाइली) पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि डिबगिंग टूल्समधली डीबीजीहेल्प जोडावी लागते, सिम्बॉल उतरायला मोबाइल डेटावर वेळ जातो, आणि एवढं करूनही डॉट नेटच्या आपल्या मेथडची नावं तिथे मिळत नाहीत. ३२-बिट विंडोजवर घेतलेली पीएमएल ६४-बिट मशीनवर उघडायला रन३२ हा स्विच द्यावा लागतो. न दिल्यामुळे फाइल खराब आहे म्हणून परत मागवणारे कमी नाहीत. बारीक अक्षरं आणि सगळा इंग्रजी मामला, तोही आहेच.

काही बिघाडांना प्रोसमॉन शिवतच नाही. व्हीबी ६ च्या टेक्स्टबॉक्समध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं येतात, कारण देवनागरीला विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज (युनिकोडआधीच्या पद्धतीचा अक्षरतक्ता) नाही आणि ते कंट्रोल युनिकोड जाणत नाहीत. लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. तारखांचंही तसंच. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये हॅशमधली ०५/०६ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे धरली जाते, १३ तारखेपासून पुढे मात्र बरोबर येते, म्हणून चूक अर्धा महिना दिसते आणि अर्धा महिना दडते. इथे कोड वाचणारा मित्रच लागतो.

सिरियल पोर्टनं जोडलेल्या वजनकाट्याच्या बाबतीत निम्मी मदत होते. डॉट नेटचं गेटपोर्टनेम्स हे फंक्शन रजिस्ट्रीतल्या हार्डवेअर, डिव्हाइसमॅप, सिरियलकॉम या कीमधून पोर्टांची यादी घेते, आणि ती ओळ प्रोसमॉनमध्ये दिसते. यूएसबी-टू-सिरियल केबल दुसऱ्या खाचेत लावल्यानं कॉम ३ चा कॉम ५ झाला असेल तर तिथेच कळतं. पण काट्याकडून आलेले आकडे यात दिसत नाहीत. पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामनं धरून ठेवलं असेल, तर त्याच संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर उघडून कंट्रोल-एफनं सिरियल, नाहीतर केबल एफटीडीआय चिपची असेल तर व्हीसीपी, असं हँडल (प्रोग्रामनं उघडून धरलेल्या पोर्टची खूण) शोधा.

वाचणाऱ्यासाठी पाचपैकी साडेचार, नोंद करणाऱ्यासाठी तीन. आणि पीएमएल ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकू नका. फाइलींमधला मजकूर तिच्यात नसतो हे खरं, पण युजरचं आणि पीसीचं नाव, रजिस्ट्रीतून वाचलेल्या किमती, नेटवर्कचे पत्ते आणि प्रत्येक प्रोसेसची कमांड लाइन असते. डेटाबेसचा पासवर्ड कमांड लाइनवरून देणारे प्रोग्राम अजून आहेत. कंट्रोल-टीनं प्रोसेस ट्री उघडून कमांडचा रकाना आधी स्वतः नजरेखालून घाला, मग ज्याला वाचायची आहे त्या एकालाच फाइल पाठवा.