ऐनवेळी मोठं खटलं घेऊन निघायचंय: मुंबई की पुणे?

जोडून सुट्टी आली, सगळ्यांच्या रजा जुळल्या आणि गुरुवारी रात्री घरात ठरलं, शनिवारी निघायचं. दहा-बारा माणसं, त्यात गुडघे धरणारे आजी-आजोबा आणि दोन-तीन पोरं. नाशिकहून एवढ्या घाईत जमण्यासारखी मोठी शहरं दोनच. ‘कुठं जास्त बघायला मिळेल’ यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. बघायला दोन्हीकडे भरपूर आहे. मुक्काम करायचा की नाही, एवढं आधी ठरवा. माझ्या मते एका दिवसाचं काम असेल तर मुंबई, रात्र काढायची असेल तर पुणे.

मुंबईच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रेल्वे. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या आसपास नाशिकरोडहून निघते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून परत फिरते. मधले सात तास तुमचे. पण ऐनवेळी तिकिटाचा घोळ होतो. साध्या आरक्षणात एका तिकिटावर सहा जण बसतात, तात्काळमध्ये चारच. म्हणजे अकरा जणांना तात्काळची तीन तिकिटं, आणि एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला, विनाएसीसाठी अकराला तिघांनी तीन मोबाइल घेऊन बसायचं. जागा विखरून मिळणार हे धरून चाला आणि प्रत्येक तिकिटावर एक तरी धडधाकट माणूस ठेवा. आजी-आजोबांना एकाच तिकिटावर एकटं टाकू नका. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंदच आहे, तो हिशेब धरू नका. वेटिंगच्या भरवशावर तर अख्खं घर स्टेशनवर नेऊच नका.

मुंबईत उतरल्यावर पूर्वी टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करावी लागायची, अकरा जणांना तीन टॅक्सी. आता मेट्रो 3 थेट सीएसएमटीखालून जाते. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र एकाच मार्गावर. सरकते जिने, लिफ्ट, एसी. लोकलमध्ये एवढी माणसं चढवण्या-उतरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, त्यातून रविवारी मेगाब्लॉक असतोच.

मुक्कामाला मात्र मुंबई महाग पडते. खोल्या लहान, तिसरी गादी टाकायला जागा नाही, आणि चार खोल्या एकाच मजल्यावर ऐनवेळी मिळणं कठीण. कल्याण-डोंबिवलीला नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी. पण अकरा माणसं घेऊन त्यांच्या वन बीएचकेत उतरण्याआधी त्यांनाही विचारा.

पुण्याला नाशिकहून सरळ लोहमार्ग नाही. राहिला रस्ता, साधारण 210 किलोमीटर: सिन्नर, संगमनेर, नारायणगाव आणि मग चाकण. चाकणला सगळं गणित बिघडतं. तिथं किती वेळ जाईल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून पहाटे पाचला निघणारेच सुखी.

पण खर्चात एसटी कुणालाच ऐकत नाही. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 पुढच्यांना मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. अकरा जणांत पाच बायका, पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा आणि दोन मुलं असतील तर पूर्ण तिकीट तिघांचंच. ई-शिवाईसारख्या एसी गाडीतही हे चालतं. ज्येष्ठांचं आधार कार्ड तेवढं विसरू नका. ही सवलत मुंबईच्या एसटीलाही आहे, पण तिकडे रेल्वे असताना बस कोण घेतो?

खाजगी ट्रॅव्हलर केलीत तर एक युक्ती: गाडी थेट पेठांत घालू नका. पुण्याच्या अलीकडे, पिंपरी-चिंचवडमधल्या नाशिक फाट्यालाच मेट्रो स्टेशन आहे. सगळ्यांना तिथं उतरवा आणि चालकाला सरळ मुक्कामाच्या जागी पाठवा. कसबा पेठेला उतरलात की लालमहाल, कसबा गणपती, शनिवारवाडा चालत. मंडईला उतरलात की दगडूशेठ, तुळशीबाग आणि केळकर संग्रहालय. म्हाताऱ्यांना दमवणारी अंतरं नाहीत आणि दमलेच तर दर चौकात चहा. रात्रीसाठी खडकवासल्याच्या बाजूला अख्खा बंगला भाड्याने मिळतो का बघा. अकरा जण एका छपराखाली, आणि माणशी हिशेब हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा बहुधा कमीच.

ट्रॅव्हलर ठरवताना टोल, पार्किंग आणि चालकाचा रात्रीचा भत्ता भाड्यात धरलाय का, हे आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मुंबईलाही गाडीनेच जायचं तर समृद्धीने इगतपुरी ते आमणे हा टप्पा झटकन संपतो, कसारा घाट टळतो. पुढे भिवंडी-ठाण्यात मात्र तेच रडगाणं.

वार बघून ठरवा. सोमवारी घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण बंद. बुधवारी पोरांना वाघ दाखवायचा बेत दोन्ही शहरांत फसतो: राणीची बागही बंद, कात्रजचं प्राणिसंग्रहालयही बंद.