दोन बोर्ड आणि एक खिटी

पीसीसाठी मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स घ्यावा की त्याहून मोठा, पूर्ण एटीएक्स, हा प्रश्न मला अधूनमधून कोणीतरी विचारतंच. प्रोसेसर ठरलेला असतो, एएम५ सॉकेट (बोर्डावर एएमडीचा प्रोसेसर बसतो ती जागा) ठरलेलं असतं, बोर्डाचे भाग सांभाळणाऱ्या चिपसेटमध्ये बी६५० पर्यंत मंडळी आलेली असतात आणि तिथे गाडी अडते. मी दोन्ही वापरलेत. मायक्रो माझ्या टेबलाखाली तिसरं वर्ष काढतोय, मोठा भाचीच्या पीसीला लावला. कंपन्यांची नावं घेत नाही. ज्या खोडीबद्दल लिहितोय ती एका कंपनीची नाही, स्वस्त बोर्डांची आहे.

जिथे फरक नाही ते आधी उरकतो. दोन्हीवर एएमडीचा रायझन ७६०० प्रोसेसर आहे, दोन्हीवर रॅमच्या दोन पट्ट्या एक्स्पो प्रोफाइलने (रॅमचा वेग वाढवणाऱ्या तयार सेटिंगने) ६००० च्या वेगाने चालतात. रोजच्या कामात कुठला पीसी कुठल्या बोर्डावर आहे हे मला ओळखता येणार नाही. चार रॅम स्लॉट बघून मात्र हुरळू नका. चारही भरले की रायझन ७००० साठी एएमडीने सांगितलेला अधिकृत वेग ३६०० वर येतो. त्यापेक्षा १६ जीबीच्या दोनच पट्ट्या घ्या आणि विषय संपवा. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगसाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यासाठी) काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, तीही दोन्हीकडे. बिघडलं समजून मधेच बटण बंद करू नका. मी केलं होतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तापण्याची भीती खूप जण घालतात. ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर. एप्रिलच्या दुपारी, तासभर व्हिडिओ रेंडर झाल्यावर मायक्रोच्या हीटसिंकला (त्या भागावरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) बोट लावून पाहिलं, आरामात ठेवता आलं. माझं मोजमाप एवढंच. उद्या बारा-सोळा कोरचा प्रोसेसर बसवायचा बेत असेल तर मोठ्याचे हीटसिंक जास्त भरीव आहेत, हे मान्य करावं लागेल.

आता खिटी. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला टोकाशी प्लास्टिकची एक खिटी असते. कार्ड बसलं की ‘कट्’ आवाज करून ती अडकते, आणि काढताना ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. दुकानात मोकळा बोर्ड हातात घेतला की ती दिसतही नाही, मग तिचा विचार कोण करणार? अडचण कळते ती वर अडीच स्लॉट जाडीचं कार्ड आणि शेजारी प्रोसेसर थंड ठेवणारा उभा टॉवर कूलर आल्यावर. माझ्या मायक्रोवर त्या दोघांमध्ये करंगळीसुद्धा जात नाही.

एकदाच जोडायचं असतं तर चाललं असतं. पण मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. उड्डाणपुलाचं काम चालू होतं त्या काळात महिना-दीड महिन्याला कॅबिनेटच्या जाळीवर धुळीची साय धरायची. नीट झाडायचं तर कार्ड काढायलाच हवं. एसएसडी वाढवली तेव्हाही तेच, कारण एसएसडी बसवायचा दुसरा एम.२ स्लॉट नेमका कार्डाच्या पोटाखाली. मग एका हाताने कार्ड तोलायचं, मोबाइलचा टॉर्च दातात, आणि दुसऱ्या हाताने कुल्फीची काडी आत सरकवून अंदाजाने खिटी दाबायची. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, निसटला तर बोर्डावर ओरखडा जातो. तिसऱ्या खेपेला खिटीचं टोक मोडून खाली पडलं. कार्ड अजून नीट बसतं, पण तेव्हापासून प्रत्येक वेळी छातीत धडधडतं.

मोठ्यावर रॅमच्या बाजूला, बोर्डाच्या कडेला एक बटण आहे. ते दाबलं की लांबूनच खिटी सुटते. दुसरा एम.२ स्लॉट तिथेही कार्डाखालीच आहे, पण आता त्याचं काही वाटत नाही. एसएसडीला स्क्रूही लागत नाही, चकती फिरवली की झालं. (मायक्रोचा तो तांदळाएवढा स्क्रू एकदा घरंगळला, तो आजतागायत सापडलेला नाही.) दिवाळीच्या साफसफाईत भाचीने कार्ड स्वतः काढलं आणि म्हणाली, “मामा, एवढ्यासाठी तू दर वेळी घरच्यांवर खेकसायचास?”

मोठ्याला आणखी एक बटण आहे, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणाऱ्या फ्लॅशबॅकचं. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आले, रायझन ९००० मालिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये. जुन्या साठ्यातला बोर्ड आणि नवा प्रोसेसर अशी जोडी पडली, तर बायोस अपडेट केल्याशिवाय पीसी सुरू होणार नाही. हे बटण असलं की प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून काम होतं. काही मायक्रोंवरही ते असतं, माझ्यावर नाही. नसेल तर दुकानातच अपडेट करून मागा, बुधवार पेठेतून घरी येऊन पुन्हा तिकडे पार्किंग शोधायला जाणं परवडत नाही.

मायक्रोची बाजूही खरी आहे. माझ्या वेळी साडेपाच हजारांचा फरक होता, आणि तेवढ्यात एसएसडीची साइझ वाढते. कॅबिनेट छोटं चालतं. ज्याला ग्राफिक्स कार्ड लावायचंच नाही त्याने बिनधास्त मायक्रो घ्यावा, खिटीचा प्रश्नच येत नाही. पण एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे बोर्ड तोच राहणार आणि त्याच्यावरचं बाकी सगळं बदलत जाणार. कार्ड आपण समजतो त्याहून जास्त वेळा निघतं.

सगळ्याच एटीएक्सवर ते खिटी सोडवणारं बटण नसतं, खोक्यावर मोठ्ठं लिहिलेलं असतंच असंही नाही. दुकानदाराला बोर्ड बाहेर काढायला सांगा आणि स्वतः दाबून बघा. किमतीतला फरक सहा हजारांच्या आत असेल तर मी मोठाच घेईन. त्याहून जास्त असेल तर मायक्रो घ्या, आणि येताना एक मटका नाही, काडीवाली कुल्फी खा.