पार्कर यान बघायचंय? नासाचं 'आईज ऑन द सोलर सिस्टम' उघडा

पार्कर सोलर प्रोबच्या बातम्या खूप वाचल्या होत्या, पण ते सूर्याच्या किती जवळ जातं हे डोक्यात बसलं ते ह्या ॲपमुळे. फुकट आहे, ब्राउझरमधेच उघडतं. सर्चमधे पार्कर टाका, तारीख २४ डिसेंबर २०२४ आणि वेळ आपल्याकडची संध्याकाळी ५ वाजून २३ मिनिटं. त्या क्षणी यान सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त ६१ लाख किमीवर होतं, फक्त म्हणतोय कारण बुध सुद्धा सरासरी पावणेसहा कोटी किमीवर असतो. आधी झूम आउट करून बुधाची कक्षा बघा, मग पार्करची, ती आत घुसून सूर्याला जवळजवळ चिकटूनच वळते. अंगावर काटा येतो खरंच.

ॲपमधे वेळ पुढे सरकण्याचा स्पीड फार वाढवू नका. मी वाढवला आणि यान कधी वळसा मारून गेलं कळलंच नाही, ताशी ६ लाख ९२ हजार किमी म्हणजे मुंबई-पुणे एका सेकंदाच्या आत!

मुलगा शेजारी बसलेला, म्हणाला बाबा हे वितळत कसं नाही, तिथे तर दहा लाख अंशाच्या वर तापमान असतं ना. त्याला ओव्हनचं सांगितलं, गरम ओव्हनच्या हवेत हात क्षणभर चालतो पण आतल्या ट्रेला टेकला की भाजलाच. प्रभामंडळात, म्हणजे सूर्याभोवतीच्या बाहेरच्या वातावरणात, कण तापलेले असले तरी फारच विरळ असतात, म्हणून साडेचार इंची कार्बनची ढाल पुरते, ती जवळपास १४०० अंश सोसते आणि तिच्या सावलीत बाकीची उपकरणं घरातल्या तापमानाला असतात. सौर वारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारे विद्युतभारित कण, मोजणारं कपासारखं एक उपकरण मात्र ढालीच्या बाहेर डोकावतं.

सौर वाऱ्याचं मात्र वेगळं वाचा. खगोलभौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ मधे तो मांडला तेव्हा परीक्षकांनी पेपर नाकारला होता, त्या नियतकालिकाचे संपादक असलेल्या आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी तो छापला. २०१८ मधे वयाच्या ९१ व्या वर्षी पार्करांनी स्वतःच्या नावाच्या यानाचं उड्डाण समोर उभं राहून बघितलं.

पाचपैकी पाच स्टार. आणि २४ तारखेला थांबू नका, यान सूर्याजवळ असताना त्याच्याशी संपर्क नव्हता, 'मी ठीक आहे' एवढाच सिग्नल आला तो अमेरिकेतल्या २६ तारखेच्या रात्री. मी ते दोन दिवस स्लायडर अगदी सावकाश सरकवतो.